या महिन्याचा रंग हिरवा

माझी नणंद मुलगा बघायला निघाली तेव्हा तिच्या पर्समध्ये रुमाल, कंगवा, टेस्टर आणि हिरव्या चिकटपट्टीचं एक रीळ होतं.

‘मुलगा’ ही आपली बोलायची पद्धत. मुलाचे गुडघे दुखायचे आणि पेपर वाचायला चष्मा लागायचा. नणंदही काही कालपरवाची नव्हे, चाळिशी कधीच ओलांडलेली. तरी आरशासमोर तिनं केस सोडले, बांधले, परत सोडले, परत बांधले आणि मला म्हणाली, “वहिनी, मी वेडी दिसतेय का?”

“दिसत नाहीस,” मी म्हटलं. “पण तो टेस्टर काढून ठेव.”

“टेस्टर राहील.”

“अगं, लोक मुलाचा स्वभाव बघतात, घर बघतात, सासू कशी आहे ते बघतात.”

“मी प्लग पॉइंट बघणार,” ती म्हणाली. “त्यात सगळं दिसतं.”

माझा नवरा, म्हणजे तिचा दादा, दारात गाडीची किल्ली नाचवत उभा होता. तो म्हणाला, “हिला उजवून टाकायला मी वीस वर्षं थांबलोय. अजून पाच मिनिटांनी काही बिघडत नाही, पण काका तिकडे परस्पर निघालेत. ते पत्ता चुकणार आणि मला फोन करत बसणार.”

काका पत्ता चुकणार हे ठरलेलंच होतं. पण आधी टेस्टरचं सांगते.

नणंद एका मोठ्या इमारतीच्या बांधकामावर स्टोअर सांभाळते. पत्र्याची खोली, तिला एक खिडकी, खिडकीला लाकडी फळी. ड्रिल, ग्राइंडर, फरशी कापायचं कटर, जे जे वायरीवर चालतं ते सकाळी त्या फळीवरून बाहेर जातं आणि संध्याकाळी आत येतं. देण्याआधी ती वायर बोटांतून सरकवत बघते, कापडाचा पोत बघावा तशी. कुठं चिरलीय, कुठं कुणी जोड दिलाय, प्लगची तिसरी पिन शाबूत आहे की कुणी सोयीसाठी उडवलीय. मग चालवून बघते. पास झालं की प्लगजवळ चिकटपट्टीचे दोन वेढे. दर महिन्याचा रंग वेगळा. लाल संपला की पिवळा, पिवळा संपला की हिरवा. चालू महिन्याचा रंग नसलेलं मशीन साइटवर दिसलं की ती ते जप्त करते, मग ते कुणाच्याही हातात असो. पट्टीचं शेवटचं टोक ती नेहमी जरासं दुमडून ठेवते, म्हणजे महिना बदलला की नखानं खरवडत बसायला नको. टोक धरायचं, ओढायचं, पट्टी सुटते.

म्हणून साइटवर तिला कुणी नावानं हाक मारत नाही. इंजिनिअरपासून विटा वाहणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांची ती पट्टीताई.

जन्मतः काही ती अशी नव्हती. नोकरीला नवी लागली तेव्हा परत आलेलं एक ड्रिल तिनं ओल्या हातानं धरून चालवून बघितलं आणि थेट मागच्या सिमेंटच्या पोत्यांवर जाऊन बसली. उठली ती डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. पायात चप्पल नव्हती, अंबाडा सुटलेला, आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं, “हे दिलं कुणी?”

दिलं कुणी ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर तिनं इंजिनिअरच्या मागे लागून मजल्यामजल्यावरच्या बोर्डात ट्रिपर बसवून घेतला. ट्रिपर म्हणजे काय ते तिनं मला स्वयंपाकघरात समजावलं होतं.

“सोप्पं आहे, वहिनी. वीज एका वायरीनं जाते, दुसरीनं परत येते. गेली तेवढी आली पाहिजे. मध्येच थोडी गळली, म्हणजे समज कुणाच्या अंगातून जमिनीत गेली, तर ट्रिपरला कळतं. तो पडतो आणि सगळं बंद. माणसाला काही कळायच्या आत.”

“म्हणजे तुझी आईच,” मी म्हटलं. “चौघं बाहेर गेले आणि तिघंच परत आले की घर डोक्यावर.”

सासूबाई तेव्हा होत्या. आतून आवाज आला, “ऐकू येतं हो मला.”

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी नणंद प्रत्येक बोर्डासमोर उभी राहते आणि ट्रिपरचं टेस्टचं बटण दाबते. खट्ट. बोर्ड मरतो आणि हिचं तोंड फुलतं. लोकांना दिवा लागला की बरं वाटतं, हिला गेला की.

अशा बाईच्या खिडकीवर एक दिवस फरशीवाला आला.

फरशीवाला म्हणजे जिन्याच्या पायऱ्या आणि बाथरूमच्या फरश्या बसवणारा कारागीर. उंच, खांदे जरा पुढे आलेले, केसांत कायम दगडाची पांढरी भुकटी, त्यामुळे खरे पिकलेले किती ते कळायचं नाही. त्याच्याकडे स्वतःचं कटर होतं. जुनं, लोखंडी अंगाचं, उस्तादानं दिलेलं. त्यानं ते हिच्या बोर्डाला लावलं. खट्ट.

“तुमचा ट्रिपर खराब आहे, बाई.”

“तुमचं कटर गळतंय.”

“इतकी वर्षं वापरतोय, कधी काही झालं नाही. जरा गुदगुल्या होतात, एवढंच.”

“गुदगुल्या?”

“सवय होते.”

“मला नाही होत,” ती म्हणाली आणि साइटचं प्लॅस्टिकच्या अंगाचं कटर फळीवर ठेवलं. “हे घ्या.”

“हे? हे तर पोरांचं खेळणं.”

खेळणं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वतःचं कटर घेऊन हजर. नापास. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पुढे पुढे साइटवर सगळ्यांच्या लक्षात आलं की फरशीवाल्याचं कटर रोज नापास होतं, पण नापास व्हायला रोज थोडा जास्त वेळ लागतो. मग खिडकीच्या फळीवर चहाचे दोन पेले दिसू लागले. विटा वाहणाऱ्या बायका जाता येता म्हणायच्या, “काय ताई, अजून तपासणं चाललंय का? फार खोल बिघाड दिसतोय!”

घरी मला कळायला काय लागतं? जी बाई कांदा चिरताना जगाला शिव्या घालायची ती गुणगुणायला लागली. डब्यात दोन पोळ्या जास्त जाऊ लागल्या. “भूक वाढलीय हल्ली,” म्हणे. भूक वाढली होती आणि कंबर होती तेवढीच. मी गुपचूप पोळ्या जरा मोठ्या लाटायला लागले.

मग एक दिवस फरशीवाल्यानं फळीवर कटर ठेवलंच नाही. नुसते दोन हात ठेवले.

“कटरचं राहू द्या,” तो म्हणाला. “मी पास होईन का?”

नणंदेच्या हातातलं रीळ सुटलं आणि घरंगळत मांडणीखाली गेलं. ते काढायला ती खाली वाकली ती बराच वेळ वर आली नाही. शेवटी मांडणीखालूनच म्हणाली, “सोमवारी सांगते.”

सोमवार उजाडायच्या आधी घोटाळा झाला. वरच्या मजल्यावर घाईचं काम निघालं, साइटची कटरं सगळी वाटली गेलेली. फरशीवाल्यानं स्वतःचं बाहेर काढलं. त्याची तिसरी पिन काढून टाकली, म्हणजे लावल्या लावल्या ट्रिपर पडणार नाही. आणि दुकानातून हिरवी पट्टी आणून प्लगजवळ दोन वेढे दिले.

नणंद फेरी मारत वर गेली, कटर बघितलं आणि बोर्डाचा मुख्य खटका पाडून वायर उपटूनच खाली आली. घरी येऊन तिनं ताट असं आपटलं की आमटी भिंतीवर.

“रंग बरोबर,” ती म्हणाली. “वेढे बरोबर. टोक दुमडलेलं नाही! मी काय आंधळी आहे? आणि पिन काढलेली! पिन नसली की गळलेली वीज मशीनच्या अंगावर वाट बघत बसते, वहिनी. हात लावला की त्या माणसातून जाते. आधी झटका, मग ट्रिपर. याला मरायचं असेल तर माझ्या पट्टीखाली कशाला मरतो?”

बोलता बोलता रडू आलं. मग भिंतीवरची आमटी बघून हसू आलं. दोन्ही एकदम आलं आणि तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी फरशीवाला खिडकीवर आला, उस्तादाचं कटर फळीवर ठेवलं आणि म्हणाला, “हे आता परत नेणार नाही.” तिनं पक्कड घेऊन त्याच्यादेखत वायर कापली. त्यानं डोळे मिटून घेतले, पण थांबवलं नाही.

“एकदा घरी येऊन बघा,” तो म्हणाला. “आईला भेटा. जे आहे ते दिसेल.”

“बघेन,” नणंद म्हणाली. “एकेक पॉइंट बघेन. एक जरी खोटा निघाला तरी तुमची वाट तुमची, माझी माझी.”

मला मात्र तिनं भांडी घासता घासता हळूच सांगितलं, “मला नापास करायची सवय आहे गं. पण हा नापास झाला तर मला चालणार नाही.”

तर, आम्ही निघालो.

बैठं घर, पुढे लोखंडी जाळीचं दार, दाराच्या चौकटीवर बेलचं बटण. दाराशेजारची माती नुकतीच उकरून ओली केलेली.

“झाड लावलंय वाटतं,” नवरा म्हणाला.

नणंदेनं माझं कोपर असं दाबलं की मला ओरडावंसं वाटलं. मातीतून एक हिरवी वायर निघून, दाराच्या लोखंडी चौकटीला एक वेढा घेऊन, भिंतीनं घरात गेली होती. “अर्थिंग!” ती कुजबुजली. “नवं कोरं अर्थिंग! चौकटसुद्धा सोडली नाही!” दुसरी एखादी पाटल्या बघून हरखली असती.

नवऱ्यानं बेल दाबली.

आतून ‘टुं’ इतकंच आलं. ‘ग’ आलाच नाही. घरघरणारा मिक्सर गप्प झाला, आणि कुणीतरी म्हणालं, “गेली!”

दार फरशीवाल्यानं उघडलं. साइटवर डबा द्यायला गेले तेव्हा मी त्याला एकदा पाहिलं होतं, पण आज डोक्यात भुकटी नव्हती, त्यामुळे मला क्षणभर ओळखूच आला नाही. शर्टावर दुकानातल्या घड्या तशाच. तो आमच्याकडे न बघता थांबत चाललेल्या पंख्याकडे बघत होता. “या, बसा, एक मिनिट,” म्हणत तो आतल्या बोळात गेला. नवा कोरा ट्रिपर तिथं भिंतीवर होता. त्यानं खटका वर केला. पंखा फिरला आणि स्वयंपाकघरातून किंकाळी आली.

झालं असं, की मिक्सर थांबला म्हणून त्याच्या आईनं झाकण उघडून आत डोकावून बघितलं, आणि बटण चालूच होतं. आई बाहेर आल्या तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत केळं आणि दूध. सत्तरी पार केलेली, चणीनं चिमणी, नजर सुईसारखी.

“नमस्कार करते,” त्या म्हणाल्या, “पण आधी तोंड धुते. तुमच्यातली मुलगी कोणती?”

“मी,” नणंद म्हणाली.

“बरी आहेस. हसू दाबू नकोस, पोटात दुखेल.”

नणंद फसकन हसली. आम्ही बसलो. बसताना तिनं सोफ्यामागचा पॉइंट बघून घेतला. तिसरं भोक मोकळं आहे की त्यात खरंच वायर आहे, याची तिला घाई झाली होती. टेस्टरसाठी हात पर्सकडे जात होता, मी तो धरून ठेवला होता. तेवढ्यात नवऱ्याला आठवलं की बिस्किटांचा पुडा गाडीतच राहिला. तो बाहेर गेला, वाऱ्यानं दार लागलं, त्यानं बेल दाबली.

टुं. खट्ट. पंखा बंद.

आई आतून ओरडल्या, “अरे, अर्धाच मिल्कशेक झालाय!” नवऱ्याला दार उघडून फरशीवाला पुन्हा बोळात गेला, पुन्हा खटका वर. या वेळी केळं छतावर. आई म्हणाल्या, “हा ट्रिपरचा डबा आणल्यापासून घरात सुख नाही.”

एवढ्यात कडी वाजली. शेजारी होता, हातात पक्कड. “पाहुणे आले आणि पंखा सारखा बंद पडतोय, दिसतंय मला खिडकीतून,” तो म्हणाला. “सरक. दोन वायरी एकमेकींना जोडतो, डबा बाजूला. पाहुणे गेले की परत लावू. कुणाला कळतंय?”

तो हे अगदी मोठ्यानं म्हणाला. मदत करणारी माणसं हळू कुठं बोलतात?

नणंद भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. तिचा हात मी अजून धरूनच ठेवला होता. मलाच वाटत होतं, ओरडून सांगावं, बाबा रे, नको म्हण, नाही तर जन्मभर मला भिंतीवरची आमटी पुसावी लागेल!

“नको,” फरशीवाला म्हणाला.

“अरे, पहिल्यांदा आलेत लोक. असं बरं दिसतं का?”

“नाही दिसत. पण पडतोय तर पडू दे. कुठंतरी गळतंय म्हणूनच पडतोय ना?” आणि तो नणंदेकडे वळला. घाम कपाळावरून शर्टाच्या घड्यांत उतरला होता. “अर्थिंग घातलं. पॉइंट सगळे उघडून बघितले. फ्रिज, मिक्सर, कपड्यांचं मशीन, एकेक लावून बघितलं. काल दिवसभर एकदाही पडला नाही. आज तुम्ही आलात आणि... असू दे. नापास तर नापास. पण जोडून दाखवणार नाही.”

नणंद कॅलेंडरवरून वळली. तिचा चेहरा मी ओळखते. सकाळी बोर्डासमोरचा चेहरा.

“काल एकदाही नाही?”

“नाही.”

“आणि आज?”

“तुम्ही आलात तेव्हा. मग दादा आले तेव्हा.”

“म्हणजे माझा पायगुण?” नवरा बिस्किटांचा पुडा छातीशी धरून म्हणाला.

“पायाचं काय त्यात?” आई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “बेल दाबली असेल तुम्ही. आमच्यात बेल कोण दाबतो? चावते ती. पोस्टमन पेनानं दाबायचा. हा शेजारी बघा, कडी वाजवतो. मी तर तिच्या बाजूनं जातसुद्धा नाही.”

नणंद आणि फरशीवाला, दोघांच्या माना एकदम दाराकडे वळल्या.

“बेल!” फरशीवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. “आई, बेल! अगं, मी सगळं बघितलं आणि बेल...”

“घरातली माणसं आपल्याच दाराची बेल कशाला दाबतील?” नणंद उठली. “वहिनी, पर्स दे. तुम्ही खटका वर करा.”

चपला घालून ती बाहेर गेली, दार लावून घेतलं. “दाबू?” बाहेरून आवाज.

“दाबा!” तो बोळातून.

टुं. खट्ट.

“वर करा!”

“केला!”

टुं. खट्ट.

“चावली नाही!” ती बाहेर ओरडली. “वहिनी, चावलीच नाही! आधी ट्रिपर पडतोय!” तिनं मग जाळीतून तोंड खुपसून मला समजावलं, की बटणामागची वायर चौकटीत घासून सोलली गेलीय. आजवर बटण दाबलं की गळकी वीज चौकटीवर बसून बोटांची वाट बघायची. आता अर्थिंगनं तिला वाट दिली आणि ट्रिपरनं पकडलं. मला अर्धं कळलं. पण ती जे सांगत होती ते मला नव्हतंच. माझ्या मागे, बोळातून एक माणूस डोळे विस्फारून ऐकत होता.

“परत एकदा?” तो म्हणाला.

“परत एकदा!”

टुं. खट्ट. दोघं हसत होते. चाळिशी ओलांडलेली बाई दाराबाहेर आणि गुडघेदुखीचा माणूस बोळात, शाळा सुटल्यासारखे. शेजारी पक्कड हातात धरून आळीपाळीनं दोघांकडे बघत होता. आई म्हणाल्या, “मिल्कशेक मी आता तुमचा खेळ संपल्यावरच करते.”

फरशीवाल्यानं खटका पुन्हा वर केला आणि नणंद आत आली. केस सुटले होते, सकाळपासूनचं सगळं बांधणं वाया. तिनं पर्समधून रीळ काढलं.

“हात पुढे करा.”

“कोणता?”

“कटर ज्या हातात नसतं तो.”

त्यानं डावा हात पुढे केला. फरश्यांनी चरे पडलेली बोटं. तिनं एका बोटाभोवती हिरव्या पट्टीचे दोन वेढे दिले, दातानं पट्टी तोडली आणि टोक बोटावर सपाट दाबून बसवलं.

“हे काय?” आईंनी मला विचारलं.

“पास,” मी म्हटलं. त्या मान डोलावत परत मिक्सरकडे गेल्या.

फरशीवाला बोटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “टोक दुमडलं नाहीत.”

“माहीत आहे मला.”

“मग ती निघणार कशी?” माझा नवरा म्हणाला. तो तसा काळजीवाहू आहे.  मी त्याच्या हातातला बिस्किटांचा पुडा काढून घेतला.

आणि नेमके तेव्हाच, दोन गल्ल्या चुकून, तीन माणसांना पत्ता विचारून, घामाघूम झालेले काका जाळीच्या दाराशी पोचले. आम्ही सगळेच एकदम “काका, थांबा!” म्हणून ओरडलो.

टुं. खट्ट.

पंखा थांबला. स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला, “दाबा, दाबा! या वेळी मी झाकण लावलंय!”